चालतं, पण वाजत नाही

आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक जुनं लाकडी घड्याळ आहे. वेळ बरोबर दाखवतं, लंबक हलतो, टिकटिकही ऐकू येते. टोल मात्र पडत नाहीत. नवीन आलेला माणूस पाऊण तास बसला की हमखास विचारतो, "हे वाजत नाही वाटतं? दुरुस्त करून घ्या की!" मी म्हणते, "घेऊ कधीतरी," आणि चहाचं आधण ठेवायला आत जाते. खरं म्हणजे ते दुरुस्तच आहे. टोल आम्ही मुद्दाम बंद ठेवले आहेत. का, ते आजवर मी कोणाला नीटसं सांगितलेलं नाही.

आज लिहायला निमित्त झालं ते आमच्या विठ्ठलवाडीतल्या भिशीचं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दहा-बाराजणी एकीकडे जमतो. भिशीची चिठ्ठी निघते, कोणी काही नवं करून आणते, मग गप्पा. गेल्या खेपेला विषय सिनेमावर गेला. एकीची सून कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "चांगल्या सिनेमात माणसं बोलतात तशा वस्तूही बोलतात. एखादं दार, एखादी छत्री, एखादं घड्याळ... ते उगाच नसतं." त्यावर आमच्यातल्या एक फटकळ बाई पटकन म्हणाल्या, "काहीतरीच तुझं! भिंत रिकामी दिसली म्हणून लावलं असेल घड्याळ. अर्थ तुम्ही काढता!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येऊन कुलूप काढलं आणि समोर आमचं ते मुकं घड्याळ दिसलं, तेव्हा वाटलं, आपण तिथे तोंड उघडायला हवं होतं.

तुम्हीच आठवून पाहा. वस्तूचा अर्थ लावायला आपल्याला कोणी कॉलेजात शिकवावं लागलं का? श्रावणात हातात तांदूळ घेऊन आपण कहाण्या ऐकत आलो. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजानं दवंडी पिटवून गावातलं सगळं दूध देवळात घालायला लावलं, तरी गाभारा भरेना. आणि एका म्हातारीनं घरातल्या मुलाबाळांना, लेकीसुनांना, वासरांना देऊन उरलेलं खुलभर दूध ओतलं, तर गाभारा भरला. ती खुली केवढी, असं लहानपणी आम्ही कोणी विचारलं नाही. एवढंसं भांडं, पण त्यात कोणाचं ओरबाडलेलं नव्हतं, हे सांगावं न लागताच कळत होतं.

आणि शुक्रवारची कहाणी? ती तर मला आजही ऐकताना आवंढा आणते. भाऊ श्रीमंत, बहीण गरीब. भावानं सहस्रभोजन घातलं, आणि मुलांना घेऊन न बोलावता आलेल्या बहिणीला पंगतीतून हात धरून उठवलं. पुढे तिचे दिवस पालटले, तेव्हा त्याच भावानं तिला आग्रहानं जेवायला बोलावलं. ती गेली, पाटावर बसली. अंगावरची शाल आणि दागिने काढून तिनं शेजारच्या पाटावर मांडले आणि एकेका पदार्थाचा घास एकेका दागिन्यावर ठेवू लागली. भाऊ म्हणतो, ताई, हे काय? ती सांगते की तू ज्यांना जेवायला बोलावलंस त्यांनाच मी भरवते आहे. केवढं भांडण होऊ शकलं असतं तिथे! पण तिनं आवाज चढवला नाही, दागिन्यांकडून सगळं बोलवून घेतलं.

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट तर आपण पोरांना भरवता भरवता हजारदा सांगितली. लेकीकडे राहून, तूपरोटी खाऊन जाडजूड झालेली म्हातारी परत निघते. वाटेत वाघ बसलेला. लेक आईला भोपळ्यात बसवून पाठवते. माझं लग्न होऊन मी सासरी आले, पहिल्यांदा आई माझ्याकडे राहायला आली आणि जाताना तिच्या पिशवीत मी चोरून लाडवांचा डबा ठेवला, त्या दिवशी मला तो भोपळा काय होता ते उमगलं. सासुरवाशिणीला आईसोबत घरापर्यंत जाता येत नाही. मग जे हाताशी असेल त्यात ती आईला गुंडाळून देते.

गोष्ट सांगणारा तीन वेळा ती वस्तू तुमच्यापुढे आणतो, हे मी पुष्कळ सिनेमे पाहून हेरलं आहे. पहिल्यांदा ती नुसती वस्तू असते. दुसऱ्यांदा तिच्याशी काहीतरी घडतं. तिसऱ्यांदा ती दिसली की पात्रानं एक शब्दही बोलायची गरज राहत नाही. 'मदर इंडिया' १९५७ चा. राधाची कंकणं आधी हातात असतात, मग सावकाराकडे जातात, आणि धाकट्या बिरजूच्या डोक्यात ती अशी रुततात की शेवटपर्यंत त्याला सुखानं जगू देत नाहीत. कंकणं सोन्याची, पण त्या पोराच्या लेखी आईची अब्रू सावकाराच्या पेटीत पडली होती. गहाण टाकायला पाटल्या उतरवताना पोरांसमोर उतरवू नयेत असं माझी आई म्हणायची, ते काही उगाच नाही.

सत्यजित राय यांचा 'पाथेर पांचाली' १९५५ चा. बंगाली मला येत नाही, पण त्यातली मण्यांची माळ कळायला भाषा कशाला हवी? दुर्गावर शेजारीण माळ चोरल्याचा आळ घेते. दुर्गा नाही म्हणते. पोर पुढे तापानं जाते. घर सोडायची बांधाबांध चालली असताना धाकट्या अपूला फळीवरच्या करवंटीत ती माळ सापडते. तो कोणाला सांगत नाही, बोंबाबोंब करत नाही. बाहेर जाऊन ती तळ्यात फेकतो. बहिणीची एवढीशी चोरी तो पोटात घालतो. त्या जागी कोणी त्याच्या तोंडी चार वाक्यं घातली असती, तर मला नाही वाटत मला रडू आलं असतं.

आपल्या मराठीत तर वस्तू सिनेमाच्या नावातच येऊन बसतात. 'उंबरठा' १९८२ चा, डॉ. जब्बार पटेलांचा, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून केलेला. स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून महिलाश्रमात नोकरीला जाते. आपण रोज सकाळी ज्या उंबऱ्यावर दोन बोटं रांगोळीची ओढतो, तो एका बाईला केवढा उंच होऊ शकतो, ते त्या नावात आहे. आणि १९९१ ची 'माहेरची साडी'! लोक नाकं मुरडतात, रडारडीचा सिनेमा म्हणतात. पण सवाष्ण गेली तर शेवटची साडी माहेरची, हे ज्या बाईला ठाऊक आहे तिला त्या नावावरच भरून येणार. ते कापड कुठल्या दुकानातलं, काय भावाचं, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

आता घड्याळाकडे येते.

मी लग्न होऊन विठ्ठलवाडीला आले १९७६ साली. कल्याण सोडलं की कर्जतच्या मार्गावर पहिलं स्टेशन आमचं. गाडीच्या एका अंगाला कल्याण, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर, आणि मधून वालधुनी नदी. तेव्हा आम्ही चाळीत तळमजल्यावर राहत होतो. मामंजी रेल्वेत होते, निवृत्त झालेले. घरात सासूबाई, हे आणि मी. वन्सं लग्न होऊन डोंबिवलीला दिलेल्या.

घड्याळ मामंजींचं. दर रविवारी सकाळी आंघोळ झाली की ते स्टुलावर चढायचे, काचेचं दार उघडायचे आणि चावी द्यायचे. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, अगदी धूळ पुसायलासुद्धा. सहाच्या टोलाला चहा, आठाच्या टोलाला डबा, साडेबाराच्या टोलाला पान. सासूबाई टोल ऐकत काम करायच्या. टोल पडायच्या आधी ताट वाढलेलं असायचं, नंतर कधी नाही. मामंजी रागीट मुळीच नव्हते. आवाज चढवलेला मी ऐकला नाही. ते फक्त घड्याळाकडे बघायचे.

एक गोष्ट मला आल्यावर दोनेक महिन्यांनी कळली. वन्सं सासूबाईंच्या पोटच्या नव्हेत. मामंजी बिजवर. पहिली बायको गेली तेव्हा वन्सं सात वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी, १९४७ च्या माघात, कोकणातली सतरा वर्षांची मुलगी या घरात आली. नवरा अडतीस वर्षांचा. मुलगी नऊ वर्षांची. आणि भिंतीवर घड्याळ, जे पहिल्या बायकोच्या वडिलांनी लग्नात जावयाला दिलं होतं.

१९७९ च्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळानं पडद्यावर सिनेमा दाखवायचं ठरवलं. तेव्हाची पद्धत तुम्हाला आठवत असेल. दोन बांबूंना पांढरं कापड, मागे भाड्यानं आणलेलं यंत्र, आणि खाली आपापली सतरंजी. एक रीळ संपून दुसरं चढेपर्यंत शेंगदाणे आणि पोरांचा कालवा. त्या वर्षी आणला होता 'कुंकू'.

'कुंकू' प्रभातचा, १९३७ चा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. हिंदीत तोच 'दुनिया न माने' म्हणून निघाला. पुण्याला जिथे प्रभातचा स्टुडिओ होता, तिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. शांता आपटे झाली आहे नीरा. तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतात. वकील म्हणजे केशवराव दाते. आणि ही पोर ठामपणे सांगते की हे लग्न मला मान्य नाही. रडत बसत नाही, जीवही देत नाही. त्याच घरात राहून नाही म्हणते. १९३७ साली!

त्या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण एरवी ऐकू येतात ते घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज. म्हणून त्यातलं जुनं घड्याळ फार ऐकू येतं. त्या घरातला म्हातारा आणि ते घड्याळ एकाच कळपातले वाटायला लागतात. दोघंही जुने झालेले आणि दोघंही आपली वेळ संपली हे न मानणारे. कोणी समजावून सांगत नाही, पण गल्लीत सतरंजीवर बसलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनाही ते समजत होतं. माझ्या मागच्या एक आजी दर वेळी घड्याळ दिसलं की "बघ, बघ," म्हणत होत्या.

सासूबाई माझ्या शेजारी होत्या. तिसरं रीळ संपलं, दिवा लागला, आणि त्या उठल्या. म्हणाल्या, "ह्यांच्या औषधाची वेळ झाली." औषध मी निघतानाच देऊन आले होते. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांचा चेहरा पाहून मिटलं.

सिनेमा संपवून मी झोपलेल्या बाळाला खांद्यावर घेऊन घरी आले. हे मागे सतरंज्या गोळा करत राहिले होते. दार ढकलून मी आत पाऊल टाकलं आणि एकचा टोल पडला. अंधारात सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. "आलीस?" म्हणाल्या. मी "हो," म्हटलं. त्यानंतर त्या रात्रीबद्दल आम्ही दोघी सव्वीस वर्षं काही बोललो नाही. विचारावंसं वाटायचं, पण सासूला असलं काही विचारायची रीत नव्हती, आणि खरं तर मला उत्तराची भीती वाटायची.

मामंजी १९८६ साली गेले. रविवारची चावी ह्यांच्याकडे आली. ह्यांना ते घड्याळ म्हणजे बाबा. चावी देताना हे वडिलांसारखेच गप्प व्हायचे. वन्सं आल्या की आधी घड्याळाखाली उभ्या राहायच्या. त्यांना ते म्हणजे आई, जिचा चेहराही त्यांना धड आठवत नव्हता. आणि सासूबाई? त्या टोल ऐकून उठायच्या, टोल ऐकून झोपायच्या. मामंजी गेल्यावर जेवणाच्या वेळा मोकळ्या झाल्या होत्या, तरी साडेबाराला त्यांचा हात आपोआप ताटाकडे जायचा.

२६ जुलै २००५. मंगळवार होता. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस. आमच्याकडे उल्हास आणि वालधुनी दोन्ही फुगल्या. गाड्या बंद. हे फोर्टला ऑफिसात अडकलेले. दुपारी अंगणात पाणी आलं, बघता बघता उंबऱ्यावरून आत आलं. रोज रांगोळी घालायची ती जागा पाण्याखाली गेली. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या सिंधी भाभी जिन्यातून ओरडायला लागल्या, "सब छोडो, ऊपर आओ!" मी धान्याचे डबे माळ्यावर टाकत होते. रेशन कार्ड, बँकेची पुस्तकं, माझे थोडे दागिने पिशवीत कोंबले. सासूबाईंना हाक मारली. पंचाहत्तर वर्षांच्या त्या, पाण्यातून कपाटापाशी गेल्या, तळच्या लुगड्यांखाली हात घातला आणि एक लाकडी पेटी छातीशी धरून बाहेर आल्या. फणीकरंड्याची पेटी, आत आरसा असलेली. पूर्वी मुलीला माहेरून देत, तशी. मामंजी गेल्यापासून ती मी पाहिली नव्हती. मला वाटलं, दागिने असतील.

पाणी भिंतीवर पुरुषभर चढलं. घड्याळ बुडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाणी ओसरलं. हे रुळांवरून चालत संध्याकाळी घरी पोचले. चिखलानं माखलेले, पाय सुजलेले. घरात येऊन आधी आम्हाला दोघींना पाहिलं आणि मग भिंतीकडे. काचेच्या आत मातकट पाणी साचलं होतं. हे खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. इतके दिवसांचे कपडे, भांडी, लग्नाचे फोटो सगळं गेलं होतं, त्याला नाही रडले.

त्या रात्री वर भाभींच्या खोलीत सासूबाईंनी पेटी उघडली. ओलावा आत शिरलाच होता. कुंकवाचा करंडा रिकामा, फणी, मेणाची डबी, आणि तळाशी चार घड्या घातलेला कागद. तो त्यांनी माझ्या हातात दिला. "सुकवता येईल का गं?" व्हर्नाक्युलर फायनलचं प्रमाणपत्र होतं, १९४५ चं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते, सातवीची ती परीक्षा पास झालं की तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळायची.

कागद ओला असताना घडी उलगडू नये, चिरतो. मी तो आधी कोरड्या पंचात दाबून ठेवला, पाणी टिपलं गेल्यावर हळूहळू उघडला. वीज आल्यावर वर धोतराचा पातळ तुकडा ठेवून अगदी कोमट इस्त्री फिरवली. शाई थोडी पसरली, पण नाव राहिलं. माहेरचं नाव. मी ते पहिल्यांदा पाहत होते. एकोणतीस वर्षं त्यांच्या हाताखाली स्वयंपाक केला, आणि सासूबाईंचं लग्नाआधीचं नाव मला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "आई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

त्या म्हणाल्या, "कोणी विचारलं नाही." थोडा वेळ गेला. मग एकदम म्हणाल्या, "त्या सिनेमात शेवटी काय झालं गं? मी उठून आले होते."

कुठला सिनेमा, हे मी विचारलं नाही. सांगितलं की त्या वकिलाला शेवटी आपली चूक उमगते, तो स्वतःच जीव देतो आणि नीराला मोकळी करतो.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याला मारावंच लागलं तर. आमच्याकडे कोणी मेलं नाही. संसार झाला." आणि थोड्या वेळानं, "हे वाईट नव्हते गं. मला कधी बोट लावलं नाही. पण नाही म्हणता येतं, हे मला त्या पडद्यावर कळलं, आणि तेव्हा मी पन्नाशीला आले होते. घरी आले तर हे झोपले होते, आणि घड्याळ चाललं होतं. नवी होते तेव्हा पाच-सहा वर्षं मी रात्रीचे सगळे टोल मोजले आहेत."

मैत्रिणींनो, तेव्हा मला कळलं की सिनेमातल्या घड्याळाला अर्थ एकच असतो, कारण तो दिग्दर्शकानं ठरवलेला असतो. घरातल्या घड्याळाखाली चार माणसं चार गोष्टी ऐकत असतात, आणि एकीचं ऐकणं दुसऱ्याला पत्ता नसतं. ह्यांचे बाबा, वन्सांची आई, आणि सासूबाईंचे मोजलेले टोल हे सगळं एकाच लाकडी पेटीत होतं.

दोन दिवसांनी वन्सं आल्या. हे घड्याळ उतरवून चिखल धूत होते. वन्सं त्याच्यापाशी बसून हुंदके द्यायला लागल्या. सासूबाई शेजारी जाऊन बसल्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. माझ्या मनात आलं होतं की आता म्हणावं, जाऊ द्या ना ते, भंगारात द्या. सासूबाईंसाठी म्हणावं. पण त्यांनीच ह्यांना सांगितलं, "कल्याणला नेऊन दाखव. होईल दुरुस्त." मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "फक्त टोल नकोत. आता रात्री झोप मोडते."

ह्यांना नवल वाटलं, पण आईनं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं. दुरुस्त करणाऱ्यानं यंत्र सोडवून धुतलं, तेल दिलं, फुगलेलं लाकूड सांधलं, तबकडी नवी बसवली. आणि टोल बंद करायला काही मोडावं लागत नाही, हेही त्यानंच दाखवलं. तबकडीवर चावीची दोन भोकं असतात. आमच्या घड्याळात उजवं वेळेचं, डावं टोलाचं. डाव्याला चावी दिली नाही की स्प्रिंग उतरते आणि टोल आपोआप थांबतात. घड्याळ चालत राहतं.

सासूबाई २०१२ साली गेल्या. शेवटची सात वर्षं त्यांनी निवांत झोप घेतली, असं मला वाटतं. आम्ही पुढे चाळ सोडून इमारतीत आलो, घड्याळ बरोबर आलं. हे अजून दर रविवारी स्टुलावर चढतात, म्हणजे आता मी खाली स्टूल धरून उभी राहते. चावी उजव्या भोकातच फिरते. ह्यांना मी सगळं सांगितलं, पण ते सासूबाई गेल्यावर. ऐकून हे म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?" मी काय सांगणार? पण वन्सांना आम्ही दोघांनीही सांगितलेलं नाही. त्या येतात, घड्याळाखाली बसतात, "टोल बसले वाटतं याचे," म्हणतात. बसू देत. त्यांच्या आईची आठवण त्यांची.

पेटी माझ्या कपाटात आहे. नात सुट्टीत आली की ती उघडून आरशात बघते. मागच्या मे महिन्यात तिनं तो कागद काढला आणि त्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. "आजी, ही कोण?" मी म्हटलं, "तुझी पणजी." ती म्हणाली, "पण आडनाव वेगळं आहे!" मग बसून तिला सगळं सांगितलं, तिला कळेल एवढं. शुक्रवारच्या कहाणीतल्या बहिणीचंही सांगितलं. ती म्हणाली, "दागिन्यांना जेवायला घातलं? खराब नाही झाले?" मुलांचं ते बरं असतं. त्यांना आधी वस्तू दिसते, अर्थ मागाहून येतो.

तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल. पितळी पानपुडा असेल, सासऱ्यांची काठी असेल, कोणी न वापरता जपलेला पाट असेल. दिवाळीला ती चिंचेनं घासून, पुसून तुम्ही जागेवर ठेवता. यंदा घासताना घरातल्या म्हाताऱ्या बाईला जवळ बसवा आणि विचारा, ही तुमच्या आधीची का नंतरची? तुम्हाला हिला हात लावू देत होते का? मी सव्वीस वर्षं उशीर केला, आणि तेही पाणी घरात शिरलं म्हणून विचारलं गेलं. नाहीतर ती पेटी दागिन्यांची समजून त्या गेल्यावर आम्ही उघडली असती आणि कागद कसला म्हणून कोणास ठाऊक कुठे ठेवला असता.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी भिशी आमच्याकडे आहे. साबुदाणवडे करायचं ठरवलं आहे. त्या फटकळ बाई येतीलच, आणि पाऊण तासानं विचारतीलच, "हे वाजत नाही वाटतं?" या खेपेला आधण सुनेला ठेवायला सांगेन, आणि मी बाहेरच बसेन.